मार कपाळाला, काळं डोळ्यांखाली

सोमवारी सकाळी सासूबाई न्हाणीघराबाहेरच्या ओल्या फरशीवरून घसरल्या आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं. हृदयासाठी त्या ‘रक्त पातळ करायची’ गोळी घेतात, म्हणून डॉक्टरांनी लगोलग डोक्याचा सीटी स्कॅन करायला लावला. तो स्वच्छ निघाला. मंगळवारी टेंगूळ ओसरायला लागलं आणि आम्ही सुटलो म्हटलं. बुधवारी उठून पाहते तर दोन्ही डोळ्यांखाली जांभळ्या-काळ्या झोळ्या. तशाच त्या दाराशी भाजी घ्यायला गेल्या. भाजीवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारपर्यंत दोन शेजारणी वाटीभर साखर मागायला येऊन गेल्या. एरवी आमच्या मजल्यावर कुणी कुणाकडे साखर मागत नाही.

कपाळाला लागलं तर डोळे कसे काळे होतील, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी तोंडाने विचारला नाही, पण माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधून गेल्या. उत्तर अगदी साधं आहे. कातडी न फाटता आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की रक्ताला बाहेर यायला वाट नसते. ते आतल्या आत, चरबीत आणि मांसात झिरपतं. याला आपण मुका मार म्हणतो. झिरपलेलं रक्त पाण्यासारखंच उताराला लागतं. डोक्याची कातडी आणि कवटी यांच्यामध्ये एक सैल थर असतो, तो थेट पापण्यांपर्यंत उतरतो, आणि पापण्यांची कातडी म्हणजे शरीरातली सगळ्यात पातळ. कपाळावरचं रक्त दोन दिवसांत खाली येऊन तिथे साठलं, एवढंच. मांडीवर बसलेला चेंडू तिसऱ्या दिवशी गुडघ्याशी निळा उमटतो, मुरगळलेल्या घोट्याचं काळं पायाच्या बोटांपर्यंत पोचतं, तेही याच नियमाने. ‘काळं पसरतंय म्हणजे दुखणं वाढतंय’ ही धास्ती इथूनच येते. बहुतेक वेळा दुखणं वाढत नसतं, रक्त उतरत असतं.

मात्र डोक्याला मार लागून दोन्ही डोळे काळे होणं ही कवटीच्या तळाचं हाड मोडल्याचीही खूण असू शकते. कानामागे निळं दिसणं, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणं, उलट्या, गुंगी यांतलं काहीही सोबत असेल तर गाडी काढायची. आमचा स्कॅन आधीच झालेला होता, म्हणून बुधवारी मी निवांतपणे साखर देऊ शकले.

‘रंगावरून कळतं, मार कधीचा आहे’

हा समज घराघरांत आहे, पोलिसांत आहे आणि पुस्तकांतही आहे. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत एक वेळापत्रकच दिलेलं असतं: आधी लाल, मग तीन दिवसांपर्यंत निळा, चौथ्या दिवशी काळपट-तपकिरी, पाचव्या-सहाव्याला हिरवट, सातव्यापासून बाराव्यापर्यंत पिवळा, दोन आठवड्यांत साफ. रंगांचा क्रम साधारण तसाच असतो. तारखा मात्र तशा जुळत नाहीत.

हे रंग येतात कुठून, ते समजून घेण्यात मोठी मजा आहे. सांडलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन उघडं पडतं. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळून मोडायला घेतात. मोडताना आधी बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं, त्यातून पुढे पिवळं बिलिरुबिन. हे तेच बिलिरुबिन, जे कावीळ झाल्यावर डोळ्यांत उतरतं. म्हणजे आठवड्यानंतर दंडावर दिसणारा पिवळा डाग ही एका जागेपुरती कावीळच म्हणायची. उरलेलं लोह तपकिरी साठ्याच्या रूपाने काही काळ तिथेच राहतं. आणि आधीचा निळा? रक्त कधीच निळं नसतं. खोलवरच्या रक्तावरून परतणारा प्रकाश कातडीच्या थरांतून गाळून येतो, त्यामुळे ते आपल्याला निळं भासतं.

डाग किती खोल आहे, रक्त किती सांडलं, माणसाचं वय काय, कातडीचा रंग कोणता, यावर सगळं वेळापत्रक मागेपुढे होतं. एकाच दिवशी, एकाच माणसाला लागलेले दोन मार दोन रंगांचे असू शकतात. लँग्लॉइस आणि ग्रेशम या दोघांनी १९९१ मध्ये वय माहीत असलेल्या डागांचे फोटो तपासले, तेव्हा ठामपणे सांगण्याजोगी एकच गोष्ट हाती लागली: पिवळा रंग दिसला तर मार १८ तासांपेक्षा जुना आहे. बाकीचे रंग कधीही दिसू शकतात. ‘हे काळं परवाचं, हे आठवड्यापूर्वीचं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला म्हणूनच विचारावं, कशावरून? या उत्तरावर एखाद्याची कोठडी अवलंबून असू शकते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं तर हिरवा-निळा फारसा होतच नाही. तिथे हवेतला प्राणवायू थेट झिरपत असल्याने रक्त लालभडकच राहतं. दिसायला भयंकर, पण दृष्टी नीट असेल आणि दुखत नसेल तर बहुधा निरुपद्रवी. दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरतं.

‘रक्त साकळलंय, चोळून मोकळं करा’

या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज हा. चोळण्यामागचा विचार असा, की आत गाठ झालीय, ती दाबून फोडली की रक्त वाहतं होईल. पण ते रक्त नळीतून बाहेर पडलेलं आहे. चोळून ते परत नळीत शिरत नाही. उलट ज्या बारीक वाहिन्यांनी नुकतीच भोकं बुजवत आणलेली असतात, त्या पुन्हा फुटतात आणि आणखी रक्त सांडतं.

कोपर आणि मांडी या दोन जागा तर जपाव्यातच. क्रिकेटचा चेंडू मांडीच्या पुढच्या स्नायूवर जोरात बसला, खोलवर रक्त साठलं, आणि वर तेल लावून रोज रगडून घेतलं, तर काही आठवड्यांनी त्या मांसात चक्क हाड तयार होऊ शकतं. आपल्याकडे कोपराला मार लागल्यावर मालिश करून घेतलेली आणि मग हात सरळ न होणारी मुलं हाडांच्या डॉक्टरांना नवी नाहीत. मांडीच्या अशा माराला खेळाडूंचे फिजिओ वेगळंच करतात: पहिला दिवसभर गुडघा वाकवलेल्या स्थितीत बांधून ठेवतात. स्नायू ताणलेला राहतो, रक्त साठायला जागा कमी उरते आणि पाय लवकर वाकायला लागतो.

आणखी एक धोका आहे, क्वचितचा पण जिवावरचा. पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये असेल तर पोटरीच्या शिरेत गुठळी धरलेली असू शकते. ती बाहेरून मुक्या मारासारखीच दुखते. रगडली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दिल्लीच्या एम्समधल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी २०१७ मध्ये अशीच एक नोंद प्रसिद्ध केली. घोटा मोडून बरा होत असलेला तरुण, आईने मायेने केलेलं तेलमालिश, आणि मृत्यू.

‘बाद रक्त’ काढून टाकायला तुंबडी लावण्याची रीत याच कुळातली. तुंबडीने कातडी ओढली जाते, बारीक वाहिन्या फुटतात आणि गोल काळा डाग उठतो. तो डाग पाहून लोक म्हणतात, बघा, विष वर आलं! वर आलेलं असतं ते नुकतंच सांडलेलं चांगलं रक्त. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जगाने पाहिलेली वर्तुळं म्हणजे हौसेने करवून घेतलेला मुका मारच होता.

‘आंबेहळद रक्त ओढून घेते’

आता सहाणेकडे वळू. आंबेहळद पाण्यात उगाळली की कैरीचा वास सुटतो, त्यात तुरटीची पूड, मग तो लेप चुलीवर कोमट करून घोट्यावर जाडसर थापायचा. माझं बालपण या वासात गेलं आहे, त्यामुळे हे लिहिताना हात जरा जड होतो. पण लेप कातडीखालचं रक्त ओढून घेत नाही. त्याला तशी वाटच नाही.

मग आराम का पडायचा? माझ्या मते श्रेय लेपाला कमी आणि लेपाच्या शिस्तीला जास्त आहे. ओला लेप थंड असला तर पहिल्या दिवशी थंड पट्टीचं काम करतो, कोमट असला तर दोन दिवसांनी शेकाचं. आणि मुख्य म्हणजे तो वाळेपर्यंत आजी पाय हलवू देत नसे. पाय उशीवर, तासभर जागचं हलायचं नाही. मुक्या माराला हवी असते ती नेमकी हीच गोष्ट. लेपाने नुकसान सहसा नाही. फक्त कातडी फाटलेली असेल तर लावू नये, आणि डॉक्टरांकडे जाताना धुऊन जावं. पिवळ्या थराखालचं काहीच दिसत नाही. हळदीत चुना कालवून लावणं मात्र सोडून द्यावं. चुना कातडी भाजतो, आणि मुक्या माराच्या वर भाजल्याची जखम होऊन बसते.

हळदीचं दूध प्यावं, चव आवडत असेल तर. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं पोचतं. होमिओपॅथीतल्या अर्निकाच्या साबुदाण्यांबद्दल थोडक्यात: ‘३०’ लिहिलेल्या बाटलीत एक भाग अर्निका आणि एकावर साठ शून्यं इतके भाग द्रव, असं ते विरळीकरण असतं. खोट्या गोळ्यांशी तुलना करून झालेल्या चाचण्यांत त्यांचा ठाम फायदा दिसलेला नाही.

‘लागलं की लगेच शेक द्या’

लगेच नाही. आधी थंड. फ्रीजरमधली मटारची पिशवी रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, दिवसातून तीन-चारदा, पहिला दिवस-दीड दिवस. थंडीने वाहिन्या आकसतात, रक्त कमी सांडतं, ठणका कमी होतो. बर्फ थेट कातडीवर नको. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना तर मुळीच नको, त्यांना कातडी गोठून जळली तरी कळत नाही. दोन दिवसांनी सूज थांबली की मग गरम पाण्याची पिशवी.

बर्फाचाही अतिरेक होतोच. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच ही चौकडी अमेरिकेतल्या गेब मर्किन यांनी १९७८ च्या पुस्तकात रूढ केली. पुढे त्यांनीच कबूल केलं, की सतत बर्फ आणि सतत विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. वेदनेपुरता थोडा बर्फ घ्यावा, आणि झेपेल तशी हालचाल सुरू करावी. दुखण्यासाठी पहिल्या दिवशी साधी पॅरासिटामॉल बरी. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या रक्त थांबण्यातच अडथळा आणतात.

‘पैलवानाचे कान असेच असायचे’

मुका मार म्हणजे वाट पाहायची, हे बव्हंशी खरं. कान हा त्याला अपवाद. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहायला गेलात तर जुन्या मल्लांचे कान बघा: फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, आत मिटलेले. आखाड्यात तो मानाचा बिल्ला समजतात. घडतं ते असं. घासाघाशीत कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं आणि मध्ये रक्त साठतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या आवरणातूनच होतं. ते सुटलं की कूर्चा उपाशी मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठ भरते. कान फुगल्यावर एक-दोन दिवसांतच डॉक्टरांनी रक्त काढून घट्ट पट्टी बांधली तर कान वाचतो. मान मिळवायला कुस्ती जिंकली तरी पुरते.

दारात चेमटून नख काळं पडणं हीही तशीच कोंडलेली जागा. ठणका असह्य असेल तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्ताला वाट करून देतात, आणि क्षणात जीव भांड्यात पडतो. घरी सुई तापवून हा प्रयोग करू नये.

‘म्हातारपणी कुठेही काळं पडतं, रक्तच बिघडलेलं असतं’

सासूबाईंच्या दोन्ही हातांवर, मनगट ते कोपर, वांग्याच्या सालीसारखे डाग कायम असतात. कासाराने बांगड्या भरल्या की एक, रिक्षाच्या दांडीला धरलं की दुसरा. रक्त तपासून झालं, सगळं ठीक. बिघडलंय ते रक्त नाही, वेष्टन. वयाने आणि उन्हाने कातडीखालची गादी झिजते, रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही, किरकोळ धक्क्याने फुटतात. बेटमन या इंग्रज डॉक्टरांनी १८१८ मध्ये याचं वर्णन करून ठेवलं आहे. हे डाग हिरवे-पिवळे न होताच विटतात आणि मागे तपकिरी सावली ठेवतात. फुल बाह्यांचा ब्लाउज, कातडीला रोज खोबरेल, याहून वेगळा उपाय नाही.

त्यात गोळीची भर. ‘रक्त पातळ करायची’ हा शब्दच फसवा आहे. रक्त मुळीच पातळ होत नाही, फक्त ते गोठायला उशीर लागतो. अ‍ॅस्पिरिन बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेटना, निकामी करते आणि नव्या येईपर्यंत सात ते दहा दिवस जातात. म्हणून डाग दिसले की गोळी बंद, असा परस्पर निर्णय घेणारे भेटतात. स्टेंट बसवलेल्याने तसं करणं म्हणजे हातावरचा डाग टाळून हृदयात गुठळी बोलावणं. विचारायचं ते डॉक्टरांना. डोक्याला लागलं आणि अशी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दाखवायचं.

रक्त तपासायला दिल्यानंतर कोपर दुमडून बसायची सवयही काळं पाडते. हात सरळ ठेवून कापसावर दोन-चार मिनिटं दाब द्यावा. चोळू नये.

‘बाळाच्या कुल्ल्यावरचा निळा डाग म्हणजे सुईणीचा हात’

नाही. तो डाग माराचा नाहीच. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतःच माकडहाडाशी निळा-करडा डाग असतो. रंगपेशी कातडीत खोलवर राहिल्याने तो दिसतो आणि काही वर्षांत पुसट होतो. एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरांनी जपानमध्ये असताना १८८५ मध्ये त्याला ‘मंगोलियन’ हे नाव दिलं. दुखत नाही, दिवसागणिक रंग बदलत नाही, हीच ओळख. परदेशात बाळ झालेल्या मराठी जोडप्यांनी तो डाग बाळाच्या कागदांत नोंदवून घ्यावा. तिकडच्या पाळणाघरात तो पाहून मारहाणीचा संशय घेतला गेला, असं घडू शकतं.

उलट बाजूही पाहावी. चालायला लागलेल्या मुलाच्या नडगीवर, कपाळावर काळं दिसणं हे बालपणच आहे. पण जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, त्याच्या अंगावर काळं पडायचं कारण नाही. कान, मान, पोट, पाठ इथे लहान मुलांना पडून सहसा लागत नाही. तिथे डाग दिसला तर पडदा न टाकता डॉक्टरांना दाखवावा.

‘वळ दिसत नाही, म्हणजे मारलंच नाही’

हे वाक्य पोलीस ठाण्यात, माहेरी-सासरी, सगळीकडे ऐकू येतं. सावळ्या आणि काळ्या कातडीवर मुका मार सहज दिसत नाही, आणि खोल मार तर दिवसभराने वर येतो किंवा येतच नाही. पुस्तकांतली लाल-निळी चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की जांभळ्या-निळ्या झोताखाली पिवळ्या चष्म्यातून पाहिलं तर साध्या प्रकाशापेक्षा पाचपट अधिक शक्यतेने डाग सापडतात, आणि तेही सर्व वर्णांच्या कातडीवर. आपल्याकडे असे झोत किती तपासणीखोल्यांत पोचतील, तो भाग वेगळा. पण दाबल्यावर दुखणं, सूज, कडकपणा यांची नोंद करायला झोत लागत नाही. आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासायला कुणाची ना नसते.

घाबरायचं कधी? रंग बघून नाही. कारण न आठवता मोठमोठे डाग, त्यासोबत हिरड्यांतून रक्त किंवा पाळीत अतोनात रक्तस्राव. तापात अंगभर लाल ठिपके, जे काचेच्या पेल्याने दाबूनही पुसट होत नाहीत. सायकलचं हँडल पोटात घुसल्यानंतर पोट दुखत राहणं. पोटरी किंवा हात दगडासारखा ताठून, दिसणाऱ्या माराच्या मानाने फारच जास्त ठणका. मुलग्याला किरकोळ लागून गुडघा टम्म फुगत असेल तर हिमोफिलियाची तपासणी करून घ्यावी. त्या मुलांत रक्त कातडीपेक्षा सांध्यात अधिक सांडतं.

बाराव्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्यांखालचं जांभळं जाऊन हळदुलं पिवळं उरलं होतं. संध्याकाळी समोरच्या काकू आंबेहळदीचं खांड आणि सहाण घेऊनच आल्या. “लावा हो, रक्त ओढून घेते.” सासूबाईंनी आरशात पाहिलं. म्हणाल्या, “आता कशाला? आधीच पिवळी झालेय मी. तुम्ही आमची साखरेची वाटी आणलीत का?”